रात्री आयसीयूत न्यायचा पेशंट: गाडी सुटण्याआधी काय पहावे

रात्री भरती झालेला पेशंट हमखास दगावतो, असं गावात बोलतात. २०१० साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा रात्रीच्या आयसीयू भरतीने मृत्यू वाढल्याचं दिसलं नाही. शनिवार-रविवारच्या भरतीत तो थोडा वाढलेला होता. घात होतो तो बेडची वाट पाहण्यात, आणि बेड मिळाल्यावर तिथे सिस्टर कमी असण्यात. त्यात गडचिरोलीहून नागपूर तीन तासांवर.

म्हणून पहिलं काम रेफरचं, म्हणजे मोठ्या दवाखान्यात धाडण्याचं नाही, उपचाराचं. बीपी पडलेल्या सेप्सिसच्या (जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्या) पेशंटला अँटिबायोटिकचा पहिला डोस ग्रामीण रुग्णालयातच द्यावा. २००६ च्या एका मोठ्या अभ्यासात बीपी पडल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत दर तासाच्या उशिराने जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटलेली दिसली. सापाचंही तसंच. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते, दंशाची खूण सापडत नाही, पहाटे पोट दुखतं आणि पापण्या जड होतात. विषबाधेची लक्षणं दिसली की सर्पविषावरच्या लसीच्या १० व्हायल (छोट्या बाटल्या) सलाईनमधून तासाभरात इथेच जाव्यात. फवारणीचं औषध अंगावर सांडलं किंवा पोटात गेलं असेल तर कपडे काढून अंग साबणाने धुवावं, ते ऑरगॅनोफॉस्फरस गटातलं असेल तर त्यावरचं औषध अॅट्रोपिन सुरू करावं आणि औषधाचा डबा लेबलसकट सोबत द्यावा.

मग फोन. ‘बेड आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. व्हेंटिलेटर आत्ता मोकळा आहे का, पेशंट कोण उतरवून घेणार, हे विचारून डॉक्टरांचं नाव आणि वेळ कागदावर लिहा. नागपूरचं मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय) भरलं असेल तर तिथलंच दुसरं सरकारी रुग्णालय मेयो, सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ असे फोन इथूनच लावावेत. नागपुरात पोचून या कॅज्युअल्टीतून त्या कॅज्युअल्टीत फिरण्याइतका वाईट प्रवास नाही. १०८ ला सांगताना ‘श्वास लागतोय, एएलएस गाडी पाहिजे’ असं स्पष्ट म्हणा; एएलएस म्हणजे जास्त सोयींची अँब्युलन्स, बीएलएस म्हणजे साधी. बीएलएस गाडीत व्हेंटिलेटर नसतो.

ऑक्सिजनचा हिशेब मात्र कोणी करतच नाही. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटरने तो १५० मिनिटं पुरतो. काटा अर्ध्यावर असेल तर ७५. गाडी सुटण्याआधी काटा स्वतः पहावा, रस्त्याच्या वेळेच्या दीडपट साठा घ्यावा आणि सिलिंडरची चावी गाडीतच आहे ना ते बघावं. अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) पेशंटच्या उशाशी, पेटीत नको.

रेफर चिठ्ठीत नाडी, बीपी, ऑक्सिजन, शुद्ध आणि लघवी किती झाली हे वेळेसकट हवं. दिलेलं प्रत्येक औषध, लसीच्या व्हायल किती, शेवटचा डोस कधी, हेही. चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर ठेवा, कारण मूळ कागद पहिल्याच टेबलावर राहतो. रेशनकार्ड आणि आधार सोबत असले की जन आरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्राकडे सकाळची धावपळ वाचते.

आत गेल्यावर गर्दीचा त्रास निराळा. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमागे एक सिस्टर असावी. एकीच्या वाट्याला तीन-चार पेशंट आले की सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं) लांबतं, बीपी टिकवणाऱ्या औषधाची सिरिंज संपल्याचा अलार्म ऐकूनही हात पोचत नाही. नातेवाईकांनी आत गर्दी करू नये. बाहेर एकच माणूस, फोन चार्ज केलेला, रक्त किंवा औषध आणायला तयार.

नव्या पेशंटसाठी बेड हवा म्हणून तुमच्या माणसाला रात्री वॉर्डात हलवायला निघाले तर थोडं थांबून विचारा. रात्री आयसीयूतून बाहेर काढलेल्यांत मृत्यू जास्त, असं २००० साली ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसलं होतं. वेळेआधी काढणं हे त्यामागचं मोठं कारण मानलं गेलं. बीपी टिकवणारं औषध बंद होऊन किती तास झाले? ऑक्सिजन किती लागतोय? वॉर्डात रात्री पाहणार कोण? उत्तरं धड मिळाली नाहीत तर सकाळपर्यंत ठेवता येईल का, हे ड्युटीवरच्या डॉक्टरांना नम्रपणे पण थेट विचारा. हलवायचंच ठरलं तर वॉर्डातल्या सिस्टरला सगळे आकडे सांगितले जाईपर्यंत स्ट्रेचरजवळून हलू नका.