डॅशबोर्डवर एकदम चार-पाच दिवे लागले तर

एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), स्टीअरिंग, चेक इंजिन असे दिवे एकापाठोपाठ एक पेटले की वाटतं, गाडीचं सगळंच गेलं. पण चार वेगवेगळे भाग एकाच क्षणी बिघडणं फारच दुर्मीळ. बहुतेक वेळा बिघाड एकच असतो आणि बाकीचे दिवे त्याच्यामुळे लागलेले असतात. तो एक शोधायचा. त्याआधी मात्र गाडी आत्ता थांबवायची की हळूहळू पुढे न्यायची, हे ठरवावं लागतं.

लाल दिवा असेल तर आधी थांबा

चावी फिरवल्यावर सगळे दिवे काही सेकंद लागतात, ती त्यांची चाचणी असते. इंजिन सुरू झाल्यावर ते विझले पाहिजेत. आणखी एक गोष्ट: चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की ऑइल आणि बॅटरीचा दिवा आपोआप लागतोच, कारण ऑइलचा पंप आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) दोन्ही थांबलेले असतात. अशा वेळी इंजिन का बंद पडलं ते शोधायचं, ऑइल किंवा बॅटरीच्या मागे लागायचं नाही.

इंजिन चालू असताना झारीच्या चिन्हाचा, म्हणजे ऑइलचा, लाल दिवा लागला, तर "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" हा विचार सोडून द्या. चारही इंडिकेटर लावा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टीअरिंग लॉक होऊ शकतं. इंजिन बंद झालं की ब्रेकला दोन-तीन दाबांपुरतीच मदत उरते, पुढे पेडल दगडासारखं कडक होतं. सपाट जागेवर दहा मिनिटं थांबून डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघा. किमान आणि कमाल खुणांमधलं अंतर बऱ्याच गाड्यांत साधारण १ लिटरचं असतं. ऑइल कमी असेल तर थोडं थोडं भरत पुन्हा तपासा. ऑइल पुरेसं असूनही दिवा परत लागला, तर इंजिन सुरू करायचं नाही, गाडी टो करायची.

तापमानाचा लाल दिवा असेल आणि थांबायला जागा मिळेपर्यंत थोडं चालवावंच लागणार असेल, तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर पूर्ण जोरात लावा. इंजिनमधली थोडी उष्णता तिकडून निघते. कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) झाकण गरम असताना उघडू नका. आत दाब असतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. किमान अर्धा तास जाऊ द्या.

बॅटरी आणि तापमान हे दोन दिवे एकत्र लागले, तर बॉनेट उघडून आधी पट्टा (बेल्ट) बघा. अनेक गाड्यांत अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर चालतात. हायड्रॉलिक स्टीअरिंग असेल तर तेही त्याच वेळी जड होतं. बेल्ट तुटलेला दिसला की प्रवास तिथेच संपला.

पिवळ्या दिव्यांना सहसा वेळ देता येतो. अपवाद लुकलुकणाऱ्या चेक इंजिनचा. तो मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नसल्याचं, सांगतो. न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन जळतं आणि त्याला वितळवू शकतं. अॅक्सिलरेटर सोडा आणि गाडी हळूहळू बाजूला घ्या.

मग व्होल्टेज मोजा

लाल धोका नसेल आणि दिव्यांचा सगळा घोळका लागला असेल, तर पहिला संशय बॅटरीवर. गाडीतले बरेच कंट्रोल युनिट (त्या त्या यंत्रणेचे छोटे संगणक) ठरावीक व्होल्टेजच्या खाली स्वतःचं काम बंद करून दिवा लावतात. इलेक्ट्रिक स्टीअरिंगची मोटर बरीच वीज खेचते, म्हणून बॅटरी कमजोर झाली की स्टीअरिंगचा दिवा अनेकदा पहिल्या फळीत असतो.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि दांड्या थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवा, क्लॅम्पवर नाही. गाडी काही तास उभी असेल तर पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे चार्ज केल्याशिवाय पुढचं काहीच तपासू नका. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ हवेत. अलीकडच्या काही गाड्या चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, म्हणून हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा बघा. तरीही १२.५ च्या आसपासच राहिला, तर अल्टरनेटर किंवा त्याची वायर. १५ च्या वर टिकून राहिला, तर रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग).

आकडे ठीक असूनही दिवे येत-जात असतील तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह इंजिन आणि बॉडीशी जोडणाऱ्या वायरी. हे तपासायचं बरेच जण विसरतात आणि बिचारे सेन्सर बदलत बसतात. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. काळी दांडी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, लाल दांडी इंजिनच्या उघड्या धातूवर. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. ०.५ च्या वर असेल तर इंजिनपासून बॉडीपर्यंतची अर्थची पट्टी किंवा बॅटरीची निगेटिव्ह वायर गंजलेली, सैल किंवा आतून तुटलेली आहे.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर १० चा पाना घ्या आणि निगेटिव्ह आधी सोडवा. पॉझिटिव्हवर असलेला पाना चुकून बॉडीला लागला तरी मग ठिणगी पडत नाही. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासा, कोरडं करा, खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा. जोडताना निगेटिव्ह शेवटी. घट्ट केलेला क्लॅम्प हाताने फिरवून बघा, जरासुद्धा हलता कामा नये. बॅटरी काढून लावल्यावर स्टीअरिंग आणि ईएसपीचे दिवे राहू शकतात. स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि थोडं सरळ चालवा, अनेक गाड्यांत ते विझतात.

अल्टरनेटर चालतोय का हे बघायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढण्याची जुनी युक्ती आजच्या गाड्यांवर कधीही करू नका. व्होल्टेज उसळतं आणि कंट्रोल युनिट जळू शकतात.

कोणते दिवे एकत्र आहेत

एबीएस, ईएसपी आणि हिल होल्ड (चढावर गाडी मागे सरकू न देणारी यंत्रणा) एकत्र लागले आणि व्होल्टेज ठीक असेल, तर बहुधा एका चाकाचा स्पीड सेन्सर. हे तिन्ही त्याच सेन्सरवर चालतात. साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यास चाक लॉक होऊ शकतं, म्हणून अंतर जास्त ठेवा. सेन्सरच्या टोकावर लोखंडाचा भुगा चिकटला आहे का आणि वायर स्टीअरिंग वळवताना ताणली जाते का, ते बघा. नुकतंच चाकाचं बेअरिंग बदललं असेल तर आधी तेच तपासा: काही बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकीय पट्टी असते आणि ते उलटं बसलं की सेन्सरला चाक फिरताना दिसतच नाही.

एबीएसबरोबर ब्रेकचा लाल दिवाही असेल तर गोष्ट वेगळी. पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणाही गेलेली असू शकते. हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना बघा, मग ब्रेक फ्लुइडची पातळी. पॅड झिजले की पातळी हळूहळू खाली येतेच, पण अचानक कमी झाली तर गळती आहे. वरून भरून चालवू नका.

चेक इंजिनसोबत ईएसपी लागला तर ईएसपी सहसा निर्दोष. ईएसपीला इंजिनची ताकद कमी करून घ्यावी लागते आणि इंजिन युनिट बिघाडामुळे नीट ऐकत नाही, म्हणून ईएसपी स्वतःहून बाजूला होतो. इंजिनचा बिघाड काढा. ईएसपीसोबत क्रूझ कंट्रोल बंद असेल किंवा ब्रेक दिवे लागत नसतील, तर ब्रेक पेडलवरचा स्विच बघा. तो स्वस्त भाग आहे.

एअरबॅगचा दिवा कायम राहिला तर पुढच्या सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरवर संशय घ्या, सीट मागे-पुढे करून ते सैल होतात. पण तिथे मल्टिमीटर लावायचा नाही.

स्कॅनर लावताना

डॅशबोर्डखालच्या १६ पिनच्या सॉकेटला लावायचे साधे स्कॅनर बहुतेकदा फक्त इंजिनचे कोड (युनिटने नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक) वाचतात. इथे सगळ्या युनिटचे कोड वाचणारा हवा. कोड पुसण्याआधी सगळ्यांचे फोटो काढा, कारण पुसल्यावर बिघाडाच्या क्षणाची नोंदही जाते. सगळ्यांनीच कमी व्होल्टेज लिहिलं असेल (इंजिनमध्ये तो पी०५६२), तर परत बॅटरीकडे. पाच युनिटनी "एबीएसशी संपर्क तुटला" असं लिहिलं असेल (यू०१२१), तर त्या पाचांना सोडा आणि एबीएसचा फ्यूज, अर्थ आणि कनेक्टर बघा. पावसात किंवा गाडी धुतल्यावर हे होत असेल तर पायाखालचा गालिचा उचलून ओल आहे का तेही तपासा.

मग कोड पुसा, गाडी चालवा आणि पुन्हा वाचा. जो कोड सर्वांत आधी परत येतो, त्यावर काम सुरू करा.