खाऱ्या हवेत गेट आणि ग्रिल गंजू नये म्हणून काय करायचं

आमचं घर गुहागरला, समुद्र चालत पाच मिनिटांवर. दोन वर्षांपूर्वी गेट जरा अडकलं म्हणून खालच्या पट्टीला पायाने ढकलायला गेलो तर बूट सरळ आत! वरून रंग एकदम चकाचक, दर दिवाळीला मारतच होतो की, आणि आत लोखंड नव्हतंच, नुसता तपकिरी भुसा. भंगारवाल्याने जे हातावर टेकवलं त्यात नव्या गेटच्या बिजागऱ्यापण आल्या नसत्या, नवं गेट पडलं ३८ हजारांना.

हे एकट्या आपल्या घरचं रडगाणं नाहीये. गंजावर काम करणाऱ्या नेस इंटरनॅशनल या संस्थेने २०१६ मध्ये हिशेब मांडला होता, जगात गंजापायी वर्षाला अडीच लाख कोटी डॉलर जातात, म्हणजे जगाच्या जीडीपीच्या ३.४ टक्के, भारताचा आकडा ४.२ टक्के. त्याच अहवालात असंही होतं की आत्ता माहीत असलेलेच उपाय नीट वापरले तर यातले १५ ते ३५ टक्के वाचतात. नवीन काही शोध लावायचा नाहीये, फक्त आळस सोडायचाय.

आधी गंज का चढतो ते दोन ओळींत. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की झालं, आणि मीठ असलं की काम दसपट सोपं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ कसं पाझरतं? तेच मीठ वाऱ्यावर येऊन ग्रिलवर बसतं, हवेतला ओलावा ओढून घेतं आणि ऊन नसलं की लोखंड ओलंच राहतं.

तर सुरुवात करायची तपासणीने. छोटी हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर घ्या. गेट-ग्रिल टकटक वाजवत जा, चांगलं लोखंड खणखणतं, खाल्लेलं बदबद वाजतं. वेल्डिंगचे जोड, भिंतीत घुसलेली टोकं, खालच्या पट्ट्या, कुंड्या ठेवतो ती जागा, हे सगळं आधी बघा. स्क्रू ड्रायव्हर आत गेला तर तिथे रंगाचा काही उपयोग नाही, तेवढा तुकडा कापून वेल्डिंगवाल्याकडून नवा घाला.

चौकोनी पाइपचं गेट असेल तर अजून एक बघायचं, जे मी कधीच बघितलं नव्हतं. पाइपात पाणी शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसते, मग ते आतून खातं. आता नव्या गेटला मी खालच्या बाजूने ड्रिलने बारीक भोकं पाडून घेतलीत. शेजाऱ्यांच्या गेटलाही पाडली तर आतून कोरा चहा असतो ना तसं पाणी भळाभळा आलं, बादलीभर नसेल पण तांब्याभर नक्की.

आता साफसफाई, आणि इथेच सगळे पेंटर (आणि मीपण) कंटाळा करतात. पहिल्यांदा गोड्या पाण्याने धुवायचं, नाहीतर मीठ घासून घासून आत बसवाल. बोअरचं पाणी खारट असेल तर ते नको. उन्हात कडक वाळू द्यायचं. मग तारेच्या ब्रशने पोपडे काढायचे, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, खड्ड्याखड्ड्यातून. हाताला धूळ लागणं थांबलं की थिनरचं फडकं फिरवायचं. रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा पक्का थर करणारं रसायन) मिळतो तो घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावर ठीक आहे, पोपड्यांवर ओतून काही होत नाही.

घासलं की त्याच दिवशी प्रायमर, उद्यावर ढकलायचं नाही, आमच्याकडे रात्रीतून परत लाली चढते. साध्या लोखंडाला रेड ऑक्साइड. आधी बारीक ब्रशने फक्त कडा, कोपरे आणि वेल्डिंगचे जोड रंगवून घ्या, मग सगळीकडे, कारण धारदार कडेवरून रंग मागे सरकतो आणि थर पातळ राहतो, गंज पहिल्यांदा तिथूनच डोकं काढतो. रात्रभर वाळलं की दुसऱ्या दिवशी ऑइलपेंटचा पातळ हात, वाळल्यावर अजून एक. एकच जाड हात मारून मोकळं होऊ नका, ओघळतो आणि आतून कच्चा राहतो.

दिवस निवडताना दिवाळीनंतरचे कोरडे दिवस घ्या, दव उडाल्यावर चालू करायचं आणि चारच्या आत ब्रश धुवायचा. मे एंडला, पाऊस तोंडावर आल्यावर घाईघाईत मारलेला रंग श्रावण बघत नाही.

जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा पाइप असेल तर डायरेक्ट ऑइलपेंट लावू नका, वर्ष-दीड वर्षात सालपटासारखा निघतो, त्याला जीआयचा वेगळा प्रायमर लागतो. पत्र्यावर ड्रिल मारलं की पडलेला लोखंडाचा कीस लगेच झाडून टाका, नाहीतर पहिल्या सरीत डाग पडतात. आणि एसीच्या तांब्याच्या पाइपवरचं पाणी पत्र्यावर ठिबकू देऊ नका, तांब्यावरून आलेलं पाणी जस्ताला खातं.

स्लॅबच्या सळया मात्र घरी करायचं काम नाही. गंजलं की लोखंड फुगतं, मूळ जागेच्या दुप्पट ते सहापट होतं, म्हणून सिमेंटचे तुकडे पडतात. तिथे नुसतं प्लास्टर मारून झाकू नका, गळती बंद करा आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. पणजीचा मांडवीवरचा पूल आठवतोय का, १९७० चा, १९८६ च्या जुलैत कोसळला, आतल्या केबल गंजल्या होत्या. बाहेरून कोणाला काय दिसणार!

बाकी देखभाल म्हणजे महिन्यातून एकदा गोड्या पाण्याचा पाइप मारायचा, बिजागऱ्यांना ग्रीस. उरलेला प्रायमर आणि रंग छोट्या काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवा, अर्धी बाटली ठेवली तर वर साय धरते. झावळ पडून ग्रिल खरचटलं की त्याच संध्याकाळी पॉलिश पेपर मारून तेवढ्याच जागेला बोटभर प्रायमर लावायचा, रंग दुसऱ्या दिवशी.