कॅनडातल्या लुनेनबर्गमध्ये घर घेताय? आधी खिडक्यांचं बघा

आपली माणसं फोन करून पहिलं विचारतात, भारतीय किराणा कुठे मिळतो. हॅलिफॅक्सला, शंभरेक किलोमीटरवर. झालं.

आता खिडक्या. जुन्या गावातलं घर घेणार असाल, तर सही करण्याआधी ते वारसा संरक्षण क्षेत्रात येतं का ते विचारा. मी विचारलं नाही. पहिल्याच हिवाळ्यात फटींतून वारा आला, तशा लाकडी खिडक्या उपटून प्लास्टिकच्या बसवल्या. परवानगी लागते हे माझ्या गावीही नव्हतं. मग प्लास्टिकच्या काढा, सुतार शोधा, पुन्हा लाकडी करून घ्या. जुन्या चौकटी तोवर कचऱ्यात गेलेल्या. म्हणून सांगतो, खिडकी, दार, छप्पर, भिंतीच्या फळ्या, बाहेरून दिसणारं काहीही बदलायचं तर आधी विचारा.

एवढं कौतुक कशाचं, असं मलाही वाटायचं. 1753 मध्ये ब्रिटिशांनी जर्मन, स्विस आणि फ्रेंच बोलणारे प्रॉटेस्टंट इथे आणून वसवले. (जागा इथल्या मूळनिवासी मिगमाव लोकांची होती. गावाचा इतिहास सांगताना ही ओळ बरेच जण गाळतात.) आखणी ठरीव साच्याची : 40 बाय 60 फुटांचे प्लॉट, काटकोनात रस्ते. टेकडीचा उतार कोणी जमेस धरलाच नाही. म्हणून किंग स्ट्रीट बंदरापासून नाकासमोर चढतो आणि जानेवारीत आपण त्यावरून बसून उतरतो. बुटांना खिळ्यांचे पट्टे घ्या. ही आखणी आजही तशीच टिकली, म्हणून 1995 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं.

घरं लाकडी, बोटी बांधणाऱ्या गावाची. दारावर छपरातून पोट सुटल्यासारखी पुढे आलेली खिडकी दिसेल, तिला ‘लुनेनबर्ग बंप’ म्हणतात. सेंट जॉन्स चर्च 2001 च्या हॅलोविनच्या रात्री जळालं, तर लोकांनी ते पुन्हा जसंच्या तसं उभं केलं, 2005 मध्ये उघडलं. आपण पुण्यात वाडा पाडून फ्लॅट घेणारे. मला हे पचायला वेळ लागला.

विमा कंपनी जुनं वायरिंग आणि घर तापवायच्या तेलाची टाकी विचारेल, आधीच तपासून घ्या.

आणि तळघरात जुन्या चौकटी सापडल्या तर फेकू नका. मला अजून दोन हव्या आहेत.