जातीला दिलं की कांद्याला? फॉर्म 20 काढून बघा

निकाल लागला की येवल्याच्या पारावर फैसला तयार असतो: "मतदान जातीवर गेलं." पारावर वाद घालायचा तर आकडे हातात हवेत.

राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून फॉर्म 20 उतरवा. कोणत्या केंद्रावर कोणाला किती मतं पडली, ते त्यात असतं. 2024 ची लोकसभा आणि विधानसभा, दोन्हींचे घ्या. केंद्रांचे क्रमांक बदलतात, म्हणून गावाच्या नावावरून जुळवा.

दोन्ही का, तेच महत्त्वाचं. येवला विधानसभा दिंडोरी लोकसभेत येते आणि दिंडोरी अनुसूचित जमातींसाठी राखीव. भाजपच्या भारती पवार काय, शरद पवार गटाचे भास्कर भगरे काय, मराठा-ओबीसी वाद उमेदवारांमध्ये नव्हताच. त्यात डिसेंबर 2023 पासूनची कांद्याची निर्यातबंदी मतदानाच्या जेमतेम पंधरवडाभर आधी उठली, तीही 40 टक्के शुल्क ठेवून. तेव्हा केंद्रात मंत्री असलेल्या भारती पवार पडल्या. नोव्हेंबरात, विधानसभेला, त्याच गावांसमोर ओबीसी नेते छगन भुजबळ आणि मराठा समाजाचे माणिकराव शिंदे होते. आता उमेदवाराची जातही यंत्रावर होती. भुजबळ निवडून आले. लोकसभेला कांद्यासाठी फिरलेलं गाव विधानसभेला कुठे गेलं, ते गावागणिक मांडा.

मांडताना घाई नको. लोकसभेला भगरे आडनावाच्याच एका अपक्षाच्या पिपाणीला लाखावर मतं गेली, कारण त्या चिन्हाचं नाव 'तुतारी' छापलेलं, आणि भास्कर भगरेंचं चिन्हही तुतारी वाजवणारा माणूस. ती मतं ना जातीची, ना कांद्याची, बाजूला काढा. मधल्या काळात शुल्क 20 टक्क्यांवर आलं आणि लाडक्या बहिणीचे 1500 सुरू झाले. कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, बहुतेक घरांत पुरुषाच्या नावाने होते, 1500 बाईच्या खात्यात येतात. मग 'घराचं हित' नेमकं कोणाचं धरायचं? आणि आरक्षण मागणारा पोरगा जातीला मत देतोय की नोकरीला? माझ्या मते दोन्हीला, आणि त्यात खोट काही नाही.

मिश्र वस्तीच्या केंद्रावरून कोणत्या समाजाने काय केलं, हे सांगूच नका. बेरजेतून माणूस दिसत नाही. त्यासाठी लासलगावला लिलावानंतर चहाच्या टपरीवर बसा. "कोणाला दिलं?" विचारलंत तर सगळे गप्प. "औंदा काय भाव गेला?" विचारा, बाकीचं आपोआप निघतं.