क्रूझ जहाजाचा ब्रिज आतून कसा पाहावा: गोव्याच्या प्रवाशांसाठी मार्गदर्शन

क्रूझचे तिकीट काढलेल्या प्रवाशाला जहाजावरील भोजनगृहे, नाट्यगृह, पोहण्याचा तलाव आणि बहुतेक सर्व डेक खुले असतात. ज्या जागेवरून ते जहाज चालवले जाते तो ब्रिज मात्र कुलूपबंद दारामागे असतो. तो आतून पाहण्याची इच्छा अनेकांना असते, पण तशी विनंती करता येते हेच पुष्कळांना ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते ते बहुधा चुकीच्या माणसाला, चुकीच्या वेळी विचारून नकार पदरात पाडून घेतात. ब्रिजवर कोणाला घ्यायचे याचा अंतिम निर्णय कप्तानाचा असतो. ही भेट म्हणजे तिकिटाबरोबर मिळणारा हक्क नव्हे. तरीही योग्य सफर निवडून, वेळेवर आणि लेखी विनंती केल्यास ती मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

प्रथम हे दार बंद का झाले ते समजून घ्यावे, कारण विनंती कधी आणि कशी करावी हे त्यावरूनच ठरते. सप्टेंबर 2001 मध्ये अमेरिकेवर झालेल्या हल्ल्यांनंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजे आणि बंदरे यांच्या सुरक्षेसाठी आयएसपीएस ही संहिता तयार केली. ती 1 जुलै 2004 पासून लागू झाली. या संहितेनुसार प्रत्येक जहाजाचा स्वतःचा सुरक्षा आराखडा असतो आणि त्यात ब्रिज हे प्रतिबंधित क्षेत्र मानलेले असते. पुढे 13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळले आणि 32 जणांचा मृत्यू झाला. त्या वेळी ब्रिजवर कामाशी संबंध नसलेली माणसेही उपस्थित होती. त्यानंतर क्रूझ लाइन्स इंटरनॅशनल असोसिएशन या कंपन्यांच्या संघटनेने असे धोरण स्वीकारले, की जहाज अरुंद किंवा गर्दीच्या पाण्यातून जात असताना, अथवा अधिक सावधगिरीची गरज असताना, ब्रिजवर केवळ कामावरील माणसेच असावीत. म्हणून बंदरात शिरताना, बंदर सोडताना, धुक्यात किंवा खराब हवामानात ब्रिज दाखवण्याची विनंती करू नये. मुरगाव बंदरात जहाज लागण्यापूर्वी बंदराचा पायलट, म्हणजे बंदरातील वाट दाखवणारा नाविक, जहाजावर चढतो आणि तेथून दोरखंड बांधले जाईपर्यंत ब्रिजवरील प्रत्येकाचे लक्ष फक्त कामावर असते. ते तसेच असले पाहिजे.

यावरून पहिली पायरी ठरते, ती म्हणजे सफरीची निवड. गोव्यातील वाचकांना सर्वांत परिचित आहे ती मुंबई–गोवा सफर. या मार्गावर चालणारे ‘कॉर्डेलिया एम्प्रेस’ हे जहाज 1990 साली फ्रान्समध्ये बांधले गेले असून त्याची लांबी सुमारे 211 मीटर आहे. मुंबई ते मुरगाव हे अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास असल्यामुळे ते एका रात्रीच्या प्रवासात पार होऊ शकते. ब्रिज पाहण्याच्या दृष्टीने मात्र असा छोटा टप्पा सोयीचा नाही. पश्चिम किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारीची बंदी साधारणतः 1 जून ते 31 जुलै एवढीच असते, त्यामुळे क्रूझचा हंगाम आणि मासेमारीचा हंगाम एकच येतो. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला या पट्ट्यात रात्रभर ट्रॉलर आणि लहान होड्या जाळी टाकून असतात. शिवाय रात्री ब्रिजवर जवळजवळ पूर्ण काळोख ठेवतात, कारण उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना समुद्रावरचा लहान दिवा दिसत नाही. म्हणून ज्या सफरीत किमान एक पूर्ण दिवस जहाज मोकळ्या समुद्रात आहे, अशीच सफर निवडावी. मुंबईहून लक्षद्वीप किंवा कोचीकडे जाणारी, अथवा सिंगापूर किंवा युरोपातून निघणारी आठवडाभराची सफर या दृष्टीने अधिक उपयुक्त ठरते. कार्यक्रमपत्रिकेत ज्या तारखेसमोर बंदराचे नाव नसून ‘ॲट सी’ असे लिहिलेले असते, तो आपला दिवस समजावा.

दुसरी पायरी कंपनीची पद्धत जाणून घेण्याची आहे. काही मोठ्या कंपन्या शुल्क आकारून पडद्यामागचे जहाज दाखवतात. प्रिन्सेस कंपनीची ‘अल्टिमेट शिप टूर’, रॉयल कॅरिबियनची ‘ऑल ॲक्सेस टूर’ आणि कार्निव्हलची ‘बिहाइंड द फन’ या त्यांपैकी प्रसिद्ध आहेत. या फेरीत स्वयंपाकघर, धुलाईघर, नाट्यगृहाची मागील बाजू, इंजिन नियंत्रण कक्ष आणि ब्रिज यांचा समावेश असतो. शुल्क जहाजानुसार बदलते, पण माणशी शंभर ते दोनशे डॉलरच्या दरम्यान खर्च गृहीत धरावा. जागा थोड्या असल्यामुळे ऑनलाइन नोंदणी उपलब्ध असल्यास ती घरूनच करावी, अन्यथा जहाजावर चढल्याबरोबर सहलींच्या काउंटरवर जाऊन नाव द्यावे. दुसऱ्या दिवशी सावकाश विचारू, असे म्हणणाऱ्यांना बहुधा जागा मिळत नाही. ज्याला ब्रिज पाहायचाच आहे आणि हा खर्च परवडतो, त्याने हाच मार्ग धरावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण इतर सर्व मार्ग कप्तानाच्या सवडीवर आणि मर्जीवर अवलंबून असतात. अर्थात पैसे भरलेली फेरीसुद्धा सुरक्षेच्या कारणाने रद्द होऊ शकते, म्हणून परताव्याचा नियम आधी वाचून घ्यावा.

जेथे अशी फेरी नसते तेथे विनंतीपत्र हा मार्ग उरतो. निघण्यापूर्वी तीन-चार आठवडे आपल्या ट्रॅव्हल एजंटमार्फत कंपनीकडे विचारणा करावी आणि उत्तर आल्यास त्याची प्रत जवळ ठेवावी. मात्र किनाऱ्यावरच्या कार्यालयाने होकार दिला, तरी तो कप्तानाचा होकार नव्हे. खरी विनंती जहाजावर पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर, कप्तानाच्या नावे लिहिलेले पत्र देऊन करावी. काउंटरवरील कर्मचाऱ्याला केवळ तोंडी विचारल्यास तो नियमाप्रमाणे नाही म्हणतो आणि विषय तेथेच संपतो. कागद मात्र हॉटेल डायरेक्टर, म्हणजे जहाजावरील प्रवासी सेवांचा प्रमुख, याच्यामार्फत वरपर्यंत पोहोचू शकतो. जहाजावरील कामकाजाची भाषा साधारणतः इंग्रजी असल्याने पत्र इंग्रजीत आणि एका पानाच्या आत असावे. त्याचा आशय पुढीलप्रमाणे ठेवता येईल:

“माननीय कप्तान, मी आपल्या जहाजावर अमुक क्रमांकाच्या केबिनमध्ये माझ्या मुलीसह प्रवास करीत आहे. आम्ही वास्को येथे राहतो. माझी मुलगी बारावीत असून तिला नौकानयनाचे शिक्षण घ्यावयाचे आहे. सफरीतील समुद्रावरील दिवशी, आपल्या व आपल्या अधिकाऱ्यांच्या कामात व्यत्यय येणार नाही अशा कोणत्याही वेळी, पंधरा मिनिटांसाठी ब्रिज पाहण्याची परवानगी मिळाल्यास आम्ही आभारी राहू. सुरक्षा तपासणीस आमची पूर्ण तयारी आहे. परवानगी देणे शक्य नसल्यास आम्ही ते समजू शकतो.”

या पत्रातील प्रत्येक वाक्याला काम आहे. केबिनचा क्रमांक नसेल तर उत्तर कोठे पाठवायचे हा प्रश्न पडतो. कारण नेमके सांगितले की विनंती वेगळी उठून दिसते. ‘मला जहाजांची फार आवड आहे’ एवढ्यावर कप्तानाला निर्णय घेणे कठीण जाते. वेळ आपण ठरवू नये, ती त्यांच्यावर सोडावी, आणि कालावधी मात्र थोडा व निश्चित मागावा. शेवटचे वाक्य केवळ शिष्टाचाराचे नाही. नकार दिल्यास हा प्रवासी तक्रार करील, अशी शंका त्यामुळे उरत नाही. कारण खरे असावे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी. निवृत्त खलाशी, मर्चंट नेव्हीतील अधिकारी, या विषयाचे विद्यार्थी किंवा शिक्षक यांनी आपली ओळख पत्रात अवश्य द्यावी.

गोव्यातील वाचकांसाठी येथे एक सूचना आवश्यक वाटते. सासष्टी आणि बार्देश तालुक्यांत बोटीवर काम करणारा तारवटी जवळजवळ प्रत्येक वाड्यावर सापडतो, आणि परदेशी क्रूझवरही आपल्याकडचा कोणी तरी हमखास भेटतो. अशा ओळखीच्या माणसाला ‘जरा आत घेऊन चल’ असा आग्रह कधीही करू नये. स्वयंपाकघरात किंवा केबिन विभागात काम करणाऱ्याला ब्रिजवर प्रवासी नेण्याचा अधिकार नसतो, आणि भिडेपोटी त्याने तसा प्रयत्न केला तर त्याचा पुढील करारच धोक्यात येऊ शकतो. पत्र नेमके कोणाच्या हाती द्यावे, कप्तान प्रवाशांना कोणत्या समारंभात भेटतात, एवढे त्याला विचारण्यास हरकत नाही. अनेक जहाजांवर सुरुवातीच्या दिवसांत कप्तानाचा स्वागत समारंभ असतो. तेथे दोन वाक्यांत ओळख करून देऊन पत्राचा उल्लेख करावा आणि बाजूला व्हावे, कारण मागे रांग असते.

परवानगी मिळाल्यास केबिनमध्ये चिठ्ठी किंवा फोन येतो. दिलेल्या जागी दहा मिनिटे आधी पोहोचावे आणि जहाजाचे ओळखपत्र, तसेच सांगितले असल्यास पासपोर्ट, जवळ ठेवावा. पिशव्या नेऊ नयेत. अंगतपासणी होऊ शकते आणि मोबाइल जमा करावा लागू शकतो. पुढून बंद असलेले पादत्राण घालावे. लहान मुलांना नेता येईल का हे आधीच विचारावे, कारण शुल्क असलेल्या फेऱ्यांना बहुधा वयाची अट असते. ताप, खोकला किंवा पोटाची तक्रार असल्यास स्वतःहून भेट रद्द करावी. जहाज चालवणारी माणसे मोजकीच असतात आणि तीच आजारी पडली तर पर्याय नसतो.

प्रत्यक्ष ब्रिजवर गेल्यावर प्रथम जाणवते ती शांतता. अधिकारी हळू आवाजात आणि थोडक्यात बोलतात, दिलेला हुकूम ऐकणारा तो पुन्हा उच्चारतो, आणि हे संभाषण जहाजाच्या व्हीडीआर या नोंदयंत्रात ध्वनिमुद्रित होत असते. म्हणून जेथे उभे राहण्यास सांगितले जाईल तेथेच उभे राहावे, आपसांत गप्पा मारू नयेत आणि कशालाही हात लावू नये. सुकाणूचे चाक पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटते, कारण आधुनिक जहाजावर ते मोटारीच्या स्टिअरिंगपेक्षाही लहान असू शकते, आणि मोकळ्या समुद्रात ऑटोपायलटच दिशा सांभाळतो. दोन प्रकारचे रडार दाखवण्याची विनंती अवश्य करावी. तीन सेंटिमीटर तरंगलांबीचे रडार लहान वस्तू अधिक बारकाईने टिपते, तर दहा सेंटिमीटरच्या रडारवर पावसातही बरे दिसते. मोठ्या जहाजांवर बहुधा दोन्ही असतात. शेजारी इलेक्ट्रॉनिक नकाशाचा पडदा असतो आणि त्यावर आसपासच्या जहाजांची नावे व वेग एआयएस या, जहाजांची माहिती रेडिओने आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेमुळे उमटतात.

एवढी यंत्रे असूनही खिडकीपाशी एक माणूस दुर्बीण घेऊन उभा असतो, त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावे. टक्कर टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील पाचवा नियम सांगतो, की प्रत्येक जहाजाने डोळ्यांनी आणि कानांनी सतत टेहळणी ठेवली पाहिजे. आपल्या किनाऱ्यावरील लाकडाच्या किंवा फायबरच्या होडीचा रडारवर क्षीण ठिपका उमटतो, लाटा उंच असतील तर तोही हरवतो. त्या होडीतील माणसांचा जीव त्या वेळी या टेहळणी करणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतो. एका अलार्मविषयीही विचारावे. पहाऱ्यावरील अधिकाऱ्याला झोप लागली नाही किंवा तो बेशुद्ध पडला नाही, याची खात्री करण्यासाठी तीन ते बारा मिनिटांच्या ठरावीक अंतराने यंत्र त्याच्याकडून प्रतिसाद मागते. प्रतिसाद न मिळाल्यास आधी ब्रिजवर आणि नंतर इतर अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये अलार्म वाजतो. शक्य असल्यास ब्रिजच्या दोन्ही टोकांपैकी एक पाहून घ्यावे. ही टोके जहाजाच्या कडेबाहेर येतात, कारण धक्क्याला लागताना कप्तानाला जहाज आणि धक्का यांमधील पाणी थेट दिसावे लागते. काही जहाजांवर तेथील जमिनीलाही काच बसवलेली असते.

प्रश्न विचारताना जहाज चालवण्याविषयी विचारावे: जाळी टाकलेल्या होड्यांना वळसा कसा घालतात, वारा जोराचा असेल तर धक्क्याला लागताना काय अडचण येते, पहारा किती तासांचा असतो. कॅमेरे कोठे आहेत, चाच्यांपासून संरक्षणाची काय व्यवस्था आहे, दारे कशी उघडतात, असे प्रश्न विचारू नयेत. त्यांची उत्तरे मिळणार नाहीत आणि विचारणाऱ्याविषयी शंका मात्र निर्माण होईल. छायाचित्र परवानगी घेऊनच काढावे. पडद्यांची छायाचित्रे टाळावीत आणि फ्लॅश बंद ठेवावा. भेटीनंतर अधिकाऱ्यांना बक्षिशी देऊ नये. सफरीच्या शेवटी भरून द्यावयाच्या अभिप्रायात, ज्यांनी वेळ दिला त्यांचे नाव आणि पद स्पष्ट लिहावे. तरुण अधिकाऱ्यांना त्याचा खरा उपयोग होतो.

नकार आल्यास पुन्हा पुन्हा काउंटरवर जाऊ नये. ‘क्वीन मेरी 2’ आणि इतर काही मोजक्या जहाजांवर ब्रिजच्या मागे काचेआडून पाहण्याची सोय आहे. आपल्या जहाजावर तशी जागा आहे का, हे डेकच्या नकाशात शोधावे. समुद्रावरील दिवशी कप्तान किंवा मुख्य अभियंता प्रवाशांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचा कार्यक्रम ठेवत असतील, तर तो चुकवू नये. अंटार्क्टिकासारख्या भागांत जाणाऱ्या लहान मोहीमजहाजांपैकी काही जहाजे ब्रिज दिवसाचा बराच वेळ प्रवाशांना खुला ठेवतात, परंतु त्यांचे तिकीट फार महाग असते. घराजवळ पाहायचे झाल्यास, 4 डिसेंबरच्या नौदल दिनाच्या सुमारास भारतीय नौदल काही बंदरांत युद्धनौका नागरिकांसाठी खुल्या ठेवते. त्या वर्षी त्यांत मुरगाव आहे का, हे नोव्हेंबरच्या अखेरपासून स्थानिक वृत्तपत्रांत पाहत राहावे आणि जाताना सरकारी ओळखपत्र बरोबर घ्यावे.