आफ्रिकेतील गाव आणि शहर: मधुमेहाचे आकडे कसे वाचावेत

आफ्रिकेत मधुमेह हा शहरांचा आजार असून खेड्यांत तो जवळजवळ नाहीच, असे विधान अनेक लेखांत बिनदिक्कत केलेले आढळते. शहरांत प्रमाण अधिक असते, एवढ्यापुरते त्यात तथ्य आहे. परंतु ज्या पाहण्यांच्या आधारे ते केले जाते, त्या नीट वाचल्या नाहीत तर विद्यार्थी आणि पत्रकार दोघांचीही फसगत होते.

सर्वप्रथम हे पाहावे की आकडा रक्त तपासून काढला आहे, की ‘तुम्हाला मधुमेह आहे असे डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का’ एवढेच विचारून. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार आफ्रिका विभागात २० ते ७९ वयोगटातील सुमारे २.४ कोटी लोकांना मधुमेह होता आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचे निदानच झालेले नव्हते. दवाखाना दूर असलेल्या गावात नुसते विचारून काढलेला आकडा त्यामुळे हमखास कमी भरतो.

रक्त तपासले असेल, तर कोणत्या चाचणीने, हा पुढचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम (प्रति डेसिलिटर) किंवा अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ६.५ टक्के किंवा अधिक, असे तीन निकष प्रचलित आहेत. मात्र या तिन्हींत सापडणारी माणसे नेहमी तीच नसतात. परदेशी अहवालांत साखर बहुधा मिलिमोलमध्ये (प्रति लिटर) दिलेली असते, तेव्हा तिला १८ ने गुणावे, म्हणजे आपल्याकडच्या प्रयोगशाळांचा मिलिग्रॅमचा आकडा मिळतो. पश्चिम आफ्रिकेत सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा गुणधर्म बाळगणारे लोक पुष्कळ आहेत. शिवाय मलेरिया आणि लोहाच्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षयही आहे. या गोष्टींमुळे एचबीए१सीचा निकाल चुकू शकतो, म्हणून अशा ठिकाणी केवळ त्यावर विसंबलेला आकडा जपूनच वापरावा.

नमुना हाताळताना काय होते, हेही अहवालात शोधावे. नळीत घेतलेल्या रक्तातील पेशी वेगळ्या न करता ते तसेच ठेवले, तर त्यातील साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते, आणि वीज नसलेल्या गावाहून प्रयोगशाळा गाठायला बराच वेळ लागतो. उलट पहाटे उजी, म्हणजे पिठाची पातळ पेज, पिऊन शेतावर गेलेल्या टांझानियातील माणसाची नोंद ‘उपाशीपोटी’ अशी झाली, तर त्याची साखर उगाचच जास्त दिसते.

जुने आकडे नव्यांशेजारी मांडताना वर्ष पाहावे. ग्रामीण टांझानियातील १९८९ च्या अभ्यासात प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आले होते, परंतु तेव्हा उपाशीपोटीची मर्यादा १४० होती. जागतिक आरोग्य संघटनेने ती १२६ वर आणली १९९९ मध्ये. त्याच देशात २००० साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दार-ए-सलाममधील पुरुषांत ५.९ टक्के आणि किलिमांजारो भागातील ग्रामीण पुरुषांत १.७ टक्के मधुमेह आढळला. एकाच अभ्यासातील अशी जोडी दोन वेगवेगळ्या अहवालांतून जुळवलेल्या जोडीपेक्षा कितीतरी अधिक भरवशाची असते.

वयाचा हिशेब विसरू नये. मधुमेह वयाबरोबर वाढतो; तरुण कामासाठी शहरात जातात आणि गावात म्हातारी माणसे उरतात. त्यामुळे वयानुसार समायोजन न केलेल्या आकड्यांत गाव आणि शहर यांतील दरी प्रत्यक्षाहून अरुंद भासू शकते.

स्त्री-पुरुषांचे आकडे मात्र एकत्र करू नयेत. घानाच्या लोकांवरील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रकार २ मधुमेहाचे प्रमाण गावातील पुरुषांत ३.६ आणि स्त्रियांत ५.५ टक्के, तर घानाच्या शहरांत अनुक्रमे १०.३ आणि ९.२ टक्के निघाले. म्हणजे गावात स्त्रिया पुढे, शहरात पुरुष. बर्लिनमध्ये स्थायिक झालेल्या घानाच्या पुरुषांत तर ते १५.३ टक्के होते. म्हणून आकडा उद्धृत करताना चाचणी, वयोगट, वर्ष आणि लिंग या चारही गोष्टी त्याच वाक्यात नमूद कराव्यात.