घरच्या ऑसिलोस्कोपची प्रोब जुळवायची सोपी सोय

एफपीजीएवर, म्हणजे आतली जोडणी आपल्याला हवी तशी ठरवता येणाऱ्या चिपवर, स्वतःचा ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र) बनवताय? मग चिपची एक मोकळी पिन प्रोब, म्हणजे मोजायची जागा स्कोपला जोडणारी तार, जुळवण्यासाठी राखून ठेवा. चिपला ठोके देणारा क्लॉक ५० मेगाहर्ट्झचा असेल तर दर २५,००० ठोक्यांना पिन उलटवायची, की झाली १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर. प्रोब १०एक्सवर (सिग्नल दहापट कमी करणाऱ्या खुणेवर) टाकून हुक पिनला अडकवा आणि प्रोबवरचा ट्रिमर, म्हणजे जुळवणीचा छोटा स्क्रू, हळूहळू फिरवा. लहरीचे कोपरे गोलसर दिसले तर प्रोबची भरपाई (ट्रिमरने होणारी जुळवणी) कमी, टोक वर उसळलं तर जास्त. माथा सपाट झाला की थांबा. स्क्रूड्रायव्हर प्लॅस्टिकचाच घ्या, धातूचा जवळ नेला तरी लहर हलते.

आणि सांगली-मिरजेकडच्या मंडळींनो, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर यावर बघायची हौस नको. स्कोप यूएसबीवर असेल तर प्रोबची ग्राउंड क्लिप बहुधा थेट लॅपटॉपच्या ग्राउंडलाच जोडलेली असते, म्हणजे ती मोटारीच्या विजेला लागली तर वीज सरळ लॅपटॉपमध्ये शिरेल.